मुलींच्या कबड्डी टीमने काळी फीत बांधावी का?

परळकरीण | रविवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक आहे, पण वाचा.

माझी लेक बारावीला आहे. सहा वर्षं झाली आमच्या भागातल्या एका मंडळात कबड्डी खेळतेय, डावा कोपरा. मंडळाचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. मैदानाच्या गेटपासून मेन रोडपर्यंत दीडशे पावलांची गल्ली आहे, एका बाजूला गिरणीची जुनी भिंत. गेटवरचा हॅलोजन गणपतीपासून बंद आहे. दिवाळीच्या आधीपासून एक बाईकवाला तिथे उभा राहतो. हेल्मेट कधी काढत नाही, मुली सुटल्या की मोबाईलवर शूटिंग करत मागे मागे रोडपर्यंत येतो. एकदा एकीची बॅग ओढली. आम्ही चार आया चौकीत गेलो तर विचारलं, गाडीचा नंबर घेतलात का? नाही म्हटल्यावर म्हणाले, मग मॅडम मुलींना जरा लवकर सोडत जा.

मंडळाने तेच केलं! मुलींची प्रॅक्टिस ७ ते ९ होती ती ४:३० ते ६ केली. आता ७ ते ९ मुलगे खेळतात. टीममधली एक पोरगी मॉलमध्ये काउंटरला असते, एकीचं कॉलेज साडेपाचला सुटतं, एक संध्याकाळी आईबरोबर डबे पोचवते. तिघींचा खेळ बंद. बाईकवाल्याचं काहीच बंद झालं नाही.

पुढच्या शनिवारी टुर्नामेंट आहे. मुलींनी ठरवलंय की दंडाला काळी फीत बांधून उतरायचं. सर म्हणतात खेळात राजकारण आणू नका, प्रमुख पाहुणे येणार आहेत, मॅट त्यांनीच दिलीय. लेक म्हणते यात राजकारण कुठे आलं. मला दोघांचंही पटतंय आणि त्यामुळेच झोप येत नाहीये. तुम्हाला काय वाटतं?

तिसरी_चढाई | रविवार, रात्री ११:४१

बांधा. बिनधास्त बांधा.

दादरचा_काका | सोमवार, सकाळी ७:०५

ताई, राग मानू नका पण सरांचं बरोबर आहे. खेळाडूने मैदानात बोलावं ते खेळातून. २०२५ च्या महिला क्रिकेट वर्ल्डकपचं बघा. डीवाय पाटीलला आपल्या पोरींनी साऊथ आफ्रिकेला ५२ रनांनी हरवलं, सेमीफायनलला जेमिमाने नाबाद १२७ मारले, अख्खा देश रडला. कुणी फीत बांधली होती? एकदा राजकारण घुसलं की मग कोण कुठल्या पक्षाची, कोणाची फूस, हेच चालतं आणि खेळ जातो बाजूला. पैलवान पोरींचं काय झालं पाहिलंत ना.

वकिलीणबाई | सोमवार, सकाळी ९:३०

काका, त्याच वर्ल्डकपमध्ये इंदूरला ऑस्ट्रेलियाच्या दोन खेळाडूंची हॉटेलमधून कॅफेकडे चालत जाताना छेड काढली गेली, ते विसरलात. आरोपी पकडला गेला, ते चांगलंच झालं. पण तिथल्या एका मंत्र्यांनी काय सांगितलं, तर खेळाडूंनी बाहेर पडताना प्रशासनाला कळवायला हवं होतं, त्यांनीही यातून धडा घ्यावा. आता हे आणि चौकीतलं 'मुलींना लवकर सोडा' शेजारी शेजारी ठेवून बघा. गुन्हा कुणी करो, टाइमटेबल मुलींचंच बदलतं.

आणि पैलवानांचं काय झालं ते तारखांसकट सांगते. पहिलं आंदोलन जानेवारी २०२३, कुस्ती महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष ब्रिजभूषण यांच्यावर लैंगिक छळाचे आरोप करत. समिती नेमली, आश्वासन दिलं, पोरी घरी गेल्या. काहीच हललं नाही म्हणून २३ एप्रिलला परत जंतरमंतर. सात जणींची पोलिसांत तक्रार २१ एप्रिलची, एफआयआर २८ एप्रिलला, तोही प्रकरण सुप्रीम कोर्टात गेल्यावर. २८ मे ला नव्या संसदेकडे मोर्चा काढला तर उचलून नेलं आणि त्यांच्यावरचा एफआयआर मात्र त्याच दिवशी. वेग बघा दोन्हीकडचा. खेळातून बोला म्हणता, तर साक्षी मलिककडे ऑलिंपिक मेडल होतं, विनेशकडे वर्ल्ड चॅम्पियनशिपची दोन. अजून किती खेळातून बोलायचं होतं त्यांनी?

दादरचा_काका | सोमवार, सकाळी १०:१२

अर्धंच सांगताय. अल्पवयीन मुलीची पॉक्सोची जी केस होती ती पोलिसांनी रद्द करायचा रिपोर्ट दिला आणि मे २०२५ मध्ये कोर्टाने तो स्वीकारला. विनेश काँग्रेसमध्ये गेली, जुलानातून आमदार झाली. बजरंगही गेला. मग लोक म्हणणारच ना की आधीपासून राजकारणच होतं.

वकिलीणबाई | सोमवार, सकाळी १०:४०

पॉक्सोचं बरोबर आहे तुमचं, ती केस बंद झाली. पण बाकीच्या महिला पैलवानांच्या तक्रारींवर मे २०२४ मध्ये ब्रिजभूषण यांच्यावर आरोप निश्चित झाले आणि खटला उभा राहिला. ते आरोप नाकारतात, निकाल कोर्ट देईल. विनेश राजकारणात गेली ती सप्टेंबर २०२४ मध्ये. पॅरिस ऑलिंपिकला वजन १०० ग्रॅम जास्त भरलं म्हणून फायनल गेल्यानंतर. आधी सगळे दरवाजे बंद करायचे आणि मग म्हणायचं बघा, खिडकीतून गेली.

गिरणगावकर | सोमवार, दुपारी १:१५

मी सकाळपासून पॉपकॉर्न घेऊन बसलोय. काका वि. वकिलीणबाई, निदान १५ मिनिटांचे दोन हाफ तरी व्हायलाच पाहिजेत.

एक_घाव | सोमवार, दुपारी २:००

या सगळ्या फिती, मेणबत्त्या बंद करा. त्या बाईकवाल्याला धरून चौकात फोडा, परत कोणाची हिंमत होणार नाही. हैदराबादला २०१९ मध्ये बलात्काराच्या आरोपींचं कसं केलं? बदलापूरला कसं केलं? लोकांनी पेढे वाटले. फाशी आणि एन्काउंटर याशिवाय आपल्याकडे काही चालत नाही.

वकिलीणबाई | सोमवार, दुपारी ३:२०

हैदराबादची चौकशी कोणी केली माहितीये? आपलेच न्यायमूर्ती सिरपूरकर. आयोगाचा निष्कर्ष असा की गोळ्या जीव घ्यायच्या इराद्यानेच झाडल्या. बदलापूरला शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराचा आरोपी पोलिसांच्या गाडीत मेला आणि दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पाच पोलिसांवर ठपका आला. आता त्या शाळेत पालकांची तक्रार घ्यायला एवढा उशीर का झाला, हे कोर्टात पूर्ण उलगडायला हवं होतं. मुख्य आरोपीच नाही म्हटल्यावर त्याचा खटला संपला. पेढे गोड लागले असतील, मान्य.

आणि फाशीबद्दल. २०१२ च्या दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर वर्मा समितीने महिन्याभरात रिपोर्ट दिला, त्यात बलात्कारासाठी फाशीची शिफारस नव्हती, पोलीस सुधारणा होत्या. आपण फाशी तेवढी उचलली. महाराष्ट्रात शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये एकमताने पास केलं, फाशीची तरतूद, ३० दिवसांत तपास. वर्षं गेली, लागू झालंच नाही. आपल्या शक्ती मिलच्या सामूहिक बलात्काराच्या केसमध्ये तिघांना २०१४ मध्ये फाशी झाली, ती हायकोर्टाने २०२१ मध्ये जन्मठेप केली. मिल परळकरीणताईंच्या घरापासून फार लांब नाही. तिथली गल्ली उजळली का तेवढं सांगा.

परळकरीण | सोमवार, दुपारी ४:०५

गल्लीचं नका विचारू. वॉर्ड ऑफिसला दोन अर्ज दिले. पहिला हरवला. दुसऱ्यावर सांगितलं की पोल आमचा पण हॅलोजन मंडळाचा, मंडळ म्हणतं हॅलोजन आमचा पण वायर तुमची. नगरसेवकाकडे जावं तर तेव्हा नगरसेवकच नव्हते, मार्च २०२२ पासून २०२६ च्या निवडणुकीपर्यंत.

एक_घाव | सोमवार, दुपारी ४:३०

म्हणजे काय, दिवा लावा आणि आरोपीला समुपदेशन करा? हे असले विचार असतात म्हणून गुन्हेगार माजतात. तुमच्या घरच्या मुलीवर आलं की मग बोला.

चाफेकळी | सोमवार, संध्याकाळी ६:१०

आलंय माझ्यावर. म्हणून बोलते.

मी ९० च्या दशकात उपनगरात खो-खो खेळायचे. आमचे एक पदाधिकारी होते. त्यांचं नाव घेणार नाही, आता हयात नाहीत. जिल्ह्याच्या टीमचा टी-शर्ट ते स्वतः घालून बघायचे मुलींच्या अंगावर, साईझ बरोबर आहे का म्हणून. ऑफिसचं दार लोटून घ्यायचे. आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आम्ही काय करायचो, तर टी-शर्ट आणायला तिघी तिघी जायचो. बस. एवढीच आमची क्राइम पॉलिसी.

त्या वेळी मला कोणी सांगितलं असतं की त्याला फाशी होईल, तर मी कधीच बोलले नसते. घरी येणारा माणूस, बाबांच्या ओळखीचा. मला त्याला मारायचं नव्हतं हो, मला टी-शर्ट हातात हवा होता.

तिसरी_चढाई | सोमवार, संध्याकाळी ६:२२

🙏 ताई

मिनीचा_मराठी | मंगळवार, पहाटे ४:५०

मिनियापोलिसहून लिहितोय, इथे संध्याकाळ आहे, थंडी मरणाची.

इथली गोष्ट सांगतो. जुलै २०१६ मध्ये आमच्या शहराजवळ पोलिसाने फिलँडो कॅस्टिलला गाडीत गोळी घातली. तीन दिवसांनी इथल्या बायकांच्या बास्केटबॉल टीमने, मिनेसोटा लिंक्सने, वॉर्मअपला काळे टी-शर्ट घातले. पाठीवर कॅस्टिल आणि त्याच आठवड्यात पोलिसांच्याच गोळीने मेलेल्या ऑल्टन स्टर्लिंगचं नाव, आणि बरं का, त्याच आठवड्यात डॅलसला पाच पोलीस मारले गेले होते, तर त्या पोलिसांचं बोधचिन्हही पाठीवर. दोन्ही. तरी बंदोबस्ताला असलेले चार ऑफ-ड्युटी पोलीस स्टेडियम सोडून गेले. मग बाकीच्या टीमनी काळे टी-शर्ट घातले तर लीगने खेळाडूंना ५०० डॉलर दंड लावला. पोरी मॅचनंतर खेळावरच्या प्रश्नांना उत्तरच देईनात. काही दिवसांत लीगने दंड मागे घेतला.

त्याच लिंक्सची माया मूर. २०१९ मध्ये ऐन भरात खेळ सोडला, कशासाठी, तर जोनाथन आयर्न्स नावाच्या माणसाला सोडवायला. ५० वर्षांची शिक्षा होती, दोन दशकांवर आत होता. बोटांच्या ठशांचा बचावाच्या बाजूचा रिपोर्ट वकिलाला दिलाच नव्हता. जुलै २०२० ला सुटला. म्हणजे एक_घाव साहेब, पोलिसांनी पकडला तोच गुन्हेगार असं दरवेळी नसतं.

गिरणगावकर | मंगळवार, सकाळी ८:१५

आणि मग तिने त्याच्याशीच लग्न केलं. हे का गाळलंत? ही तर खरी मराठी सिरीयल.

दादरचा_काका | मंगळवार, सकाळी ८:४०

मिनीचे मराठी, त्यानंतर तिकडे पोलीसच नकोत अशी चळवळ निघाली होती ना, खेळाडूंचा पाठिंबा वगैरे. गुन्हे वाढले तेव्हा कुठे गेले टी-शर्टवाले?

मिनीचा_मराठी | मंगळवार, सकाळी ९:३०

प्रश्न रास्त आहे काका. पोलिसाने गळ्यावर गुडघा ठेवून मारलेल्या जॉर्ज फ्लॉइडनंतर २०२० मध्ये ती मागणी इथूनच जोरात उठली. नोव्हेंबर २०२१ ला पोलीस खातं बदलून दुसरं खातं आणायचं का यावर मतदान झालं, ५६ टक्के लोकांनी नाही म्हटलं. माझे कृष्णवर्णीय शेजारी, फ्लॉइडसाठी रस्त्यावर उतरलेले, त्यांनीसुद्धा नाही म्हटलं. त्यांना पोलीस हवे होते, पण फोन केल्यावर येणारे आणि आल्यावर गळ्यावर गुडघा न ठेवणारे. घोषणा सोपी असते, पॉलिसी किचकट. पण बायकांच्या टी-शर्टांनी पोलीस हटवा म्हटलं नव्हतं, तेवढं लक्षात घ्या. लोकांनी ते परस्पर त्यांच्या तोंडी घातलं.

हवालदाराचा_मुलगा | मंगळवार, दुपारी १२:००

माझे बाबा बत्तीस वर्षं पोलिसात होते म्हणून दुसरी बाजू. चौकीतल्या त्या माणसाने चूकच केली, पण तो बारा तास उभा असतो, त्यात बंदोबस्त, सभा, मिरवणुका. दिवाळीला घरी जेवलेले बाबा मला आठवत नाहीत. त्याला 'मुलींना लवकर सोडा' हे फुकटात पडतं, कागद लागत नाही. म्हणून त्याला कागद द्यायचा! तोंडी जाऊ नका. लेखी अर्ज, तारीख, वेळ, मुलींच्या सह्या, पोच घ्या. त्याने नाही घेतलं तर वर डीसीपींना पोस्टाने पाठवा. १०३ ही मुंबईत बायकांची हेल्पलाइन आहे, तो उभा असताना फोन करा, नंतर नाही. कॉलची नोंद राहते.

वकिलीणबाई | मंगळवार, दुपारी १२:४५

अगदी. आणि कलमसुद्धा लिहा, नव्या भारतीय न्याय संहितेचं ७८, पाठलाग. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पण जामीनपात्र. बॅग ओढली ते वेगळं लिहा. गंमत बघा, फाशीवर आपण चॅनेलवर रात्री रात्री भांडतो आणि जे रोज घडतं त्याच्या कलमाचा नंबर कोणाला माहीत नसतो.

आणखी एक, हे मंडळवाल्यांना दाखवा. २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या कायद्यात क्रीडासंस्था, स्टेडियम, स्पर्धेची जागा हे सगळं 'कामाचं ठिकाण' म्हणून लिहिलेलं आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. बाईकवाल्यासाठी पोलीसच, पण चाफेकळीताईंच्या त्या ऑफिसासाठी हे दार आहे. तेव्हा नव्हतं.

माजी_पंच | मंगळवार, रात्री ९:१०

एवढे प्रतिसाद झाले, मूळ प्रश्न कोणी वाचलाय का? फीत बांधावी का.

मी वीस वर्षं कबड्डीत पंच होतो. उत्तर: पंच फीत काढायला लावणार. राजकारण म्हणून नाही, पकडीत समोरच्या खेळाडूचं बोट अडकतं म्हणून. आम्ही नखंसुद्धा तपासतो मॅचआधी. बांगडी नाही, क्लिप नाही, पिन तर नाहीच नाही. तेव्हा मुलींना सांगा, मॅटवर फीत नको. मॅटवर यायच्या आधी काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा, तिथे माझी शिट्टी चालत नाही.

तिसरी_चढाई | मंगळवार, रात्री ९:१४

दोन दिवस घटना, कायदा, अमेरिका सगळं झालं आणि उत्तर निघालं नखांत 😂

दादरचा_काका | मंगळवार, रात्री ९:५०

हाहा. पंचांना वाकून नमस्कार. बघा, मी नको म्हणतच होतो.

गिरणगावकर | मंगळवार, रात्री १०:०५

काका, अवांतर, पण २०२३ मध्ये सचिनच्या घराबाहेर बॅनर लावला होता, पैलवानांसाठी का बोलत नाही म्हणून. तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात ते शोधू का जुन्या धाग्यात?

दादरचा_काका | मंगळवार, रात्री १०:०९

नको.

परळकरीण | रविवार, सकाळी ११:००

काल टुर्नामेंट झाली. आधी सांगते, क्वार्टर फायनलला हरलो, चार गुणांनी. लोण पडला दुसऱ्या हाफमध्ये, म्हणजे अख्खी टीम बाद.

पंचांचा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला होता. फिती आणल्या होत्या दादरहून, सॅटिनच्या, त्या तशाच पिशवीत राहिल्या. सर खूश. चेंजिंग रूम म्हणजे पत्र्याची खोली, निम्म्यात मांडवाचे बांबू, तिथे बाराजणी काहीतरी कुजबुजत होत्या पण मी दारात उभी होते, पाठ करून, कारण त्या दाराला कडी नाही.

मग ओळख परेड. प्रमुख पाहुणे हात मिळवत पुढे सरकणार, प्रत्येकीने नाव सांगायचं. कॅप्टनने नाव सांगितलं आणि म्हणाली, "साहेब, गेटवरचा हॅलोजन गणपतीपासून बंद आहे." ते म्हणाले हो का, बघू. दुसरीने नाव सांगितलं, "साहेब, गेटवरचा हॅलोजन गणपतीपासून बंद आहे." तिसरीनेही तेच. चौथीला ते हसले. सहावीला हसायचे थांबले. माझी लेक आठवी, तिचा आवाज एवढा बारीक आला की त्यांनी वाकून विचारलं, काय गं? तिने परत सगळं सांगितलं. ज्या तिघींचा खेळ बंद झालाय त्या शेवटी उभ्या होत्या, खास बोलावलं होतं. डबे पोचवणारीने वर आणखी जोडलं, "म्हणून मी आता येत नाही." माईक चालूच होता.

बाराव्या मुलीनंतर त्यांनी मंडळाच्या सेक्रेटरींना जवळ बोलावलं. काय बोलले ते ऐकू आलं नाही, सेक्रेटरींचा चेहरा तेवढा दिसला. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी मॅटकडे बघितलं.

माजी_पंच | रविवार, सकाळी ११:२०

नियमात बसतं.

एक_घाव | रविवार, सकाळी ११:४५

बरं केलं पोरींनी. तरी त्या बाईकवाल्याला सोडू नका.

चाफेकळी | रविवार, दुपारी १२:१०

मी हे तीनदा वाचलं.

हवालदाराचा_मुलगा | रविवार, दुपारी १२:३०

अर्ज दिलात का? पोच?

परळकरीण | रविवार, दुपारी १:०५

दिला, बुधवारी, नऊ सह्या. तिघींच्या घरून सही करू दिली नाही. पोच घेतली, त्यावर तारीख पुसट आलीय म्हणून मी फोटोही काढून ठेवलाय.

दादरचा_काका | रविवार, दुपारी १:४०

ताई, मी रिटायर्ड माणूस, ७ ते ९ मला काही काम नसतं. प्रॅक्टिस परत रात्रीची करा, मी गेटवर खुर्ची टाकून बसतो. पेपर वाचायला उजेड लागेल तेवढा.

परळकरीण | मंगळवार, रात्री ९:३०

शिडी आली होती आज. हॅलोजन लागला. दोन होते पूर्वी, एकच लावलाय. काका, पेपर वाचता येईल, शब्दकोडं नाही.

टाइमटेबल अजून ४:३० चंच आहे. त्यावर मीटिंग रविवारी.